पेन्टॅक्स के-१०००: १/१००० ला फोटोची उजवी बाजू काळी येते (शटरचे निदान आणि दुरुस्ती)

धागाकर्ता

वडिलांचा पेन्टॅक्स के-१००० जवळजवळ वीस वर्षे कपाटात पडून होता. मामांनी तो १९८४ साली मस्कतहून आणला होता, आणि त्यानंतरची आमच्या घरातली बारशी, मुंजी, गणपती आणि ताईचे लग्न यांचे सगळे फोटो त्याच कॅमेऱ्याने काढलेले आहेत. वडील गेल्यानंतर तो माझ्याकडे आला. गेल्या महिन्यात मी त्यात नवा सेल घातला, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई हलताना पाहून मला फार आनंद झाला, आणि ४०० आयएसओचा एक कृष्णधवल रोल भरून मी अलिबागच्या किनाऱ्यावर गेलो.

रोल धुऊन आल्यावर मात्र मन खट्टू झाले. भर उन्हात १/१००० सेकंदाच्या शटरवेगावर घेतलेल्या प्रत्येक फोटोची उजवी बाजू काळी आहे. काळेपणाची सुरुवात रेघ मारल्यासारखी स्पष्ट नाही. साधारण मध्यापासून अंधार हळूहळू वाढत जातो आणि शेवटच्या पाचव्या हिश्श्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. १/५०० वरच्या फोटोंत तीच बाजू मळकट दिसते. १/१२५ आणि त्याहून सावकाश वेगांवरचे फोटो उत्तम आले आहेत. याशिवाय १ सेकंदावर शटर ठेवले, तर ते बंद व्हायला सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ लागतो असे कानाला जाणवते.

जिथे रोल धुतला तिथल्या गृहस्थांनी "स्प्रिंग ढिली पडली आहे, ताण वाढवून घ्या" असे सांगितले. ते बरोबर असेलही, पण कॅमेरा कोणाच्या हाती देण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे हे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

निगेटिव्ह हाताशी असतील तर आधी दोन गोष्टी तपासा. फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे आणि अक्षरे असतात. बिघडलेल्या फ्रेमच्या वर-खाली ती इतर ठिकाणांइतकीच ठळक उमटली असतील, तर रोल धुण्यात चूक झालेली नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्या रोलमध्ये कॅमेरा उभा धरून घेतलेला एखादा १/१००० चा फोटो आहे का? शटरचे बटण वरच्या बाजूला येईल असा कॅमेरा धरला असेल, तर अशा फोटोची वरची कड काळी यायला हवी. अंधाराची बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरत असेल, तर दोष दृश्याचा किंवा उन्हाचा नसून कॅमेऱ्याचाच आहे हे नक्की.

उजवीच बाजू का, हेही सांगतो. के-१००० मध्ये रबराचा थर दिलेल्या रेशमी कापडाचे दोन पडदे असतात. कॅमेऱ्याच्या पाठीमागून पाहिले, तर फोटो घेताना ते उजवीकडून डावीकडे धावतात. पहिला पडदा फिल्म उघडी करत पुढे जातो आणि दुसरा त्याच्या मागोमाग ती झाकत येतो. लेन्समधून फिल्मवर पडणारी प्रतिमा मात्र उलटी असते, त्यामुळे पाठीमागून दिसणारी फिल्मची डावी कड म्हणजे तुमच्या फोटोची उजवी कड. याचा अर्थ, तुमच्या फोटोत अंधार आहे तो पडद्यांच्या धावेच्या शेवटच्या टप्प्यात. दुसरा पडदा धावता धावता पहिल्याला गाठतो आहे.

धागाकर्ता

तपासले. कडेचे आकडे सगळीकडे सारखेच ठळक आहेत. उभा घेतलेला एकच फोटो सापडला, दीपस्तंभाचा, आणि त्यात वरचे आकाश काळे आहे. म्हणजे कॅमेराच.

प्रतिसाद २

मग काम सोपे आहे. तळाची पट्टी काढली की दोन्ही पडद्यांच्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करण्याची सोय समोरच दिसते. पहिल्या पडद्याचा ताण थोडा वाढवला की तो वेगाने पुढे निघून जाईल आणि दुसरा त्याला गाठू शकणार नाही. मी माझ्या रशियन झेनितवर हे केले आहे आणि दहा मिनिटांत काम झाले.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादाशी मी सहमत नाही, आणि धागाकर्त्यांनी घाईने स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी तीस वर्षे कॅमेरादुरुस्ती केली आहे, आता निवृत्त आहे.

पडदा सावकाश धावण्याची कारणे दोन. एक, ओढणारी स्प्रिंग कमजोर झाली. दोन, ज्या रोलरवर पडदा गुंडाळला जातो त्याच्या धुऱ्यापाशी घर्षण वाढले. चाळीस वर्षांत स्प्रिंग थोडीशी थकते हे खरे आहे, परंतु वीस वर्षे कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यात शंभरातल्या नव्वद वेळा मला दुसरेच कारण सापडले. कारखान्यात घातलेले वंगण वाळून मधासारखे चिकट होते, त्यात धूळ बसते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यांत त्याचा लगदा होतो. अशा स्थितीत ताण वाढवणे म्हणजे हातब्रेक तसाच ठेवून गाडीला जास्त रेस देणे. गाडी पळेलही, पण त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. जास्त ताणामुळे पडद्याच्या फिती जिथे चिकटवलेल्या असतात तिथे सुटतात. दुसऱ्या पडद्याचा ताणही मग जोडीने वाढवावा लागतो, आणि तो धावेच्या शेवटी आपटून किंचित मागे उसळतो. त्या क्षणी फिल्मच्या कडेला पुन्हा प्रकाश पडतो आणि काळ्या कडेऐवजी पांढरी कड मिळते. पुढे कोणी साफसफाई केली, की घर्षण गेल्यामुळे सगळेच गणित पुन्हा चुकते.

ही दोन कारणे कॅमेरा न उघडता वेगळी ओळखता येतात. कॅमेरा रात्रभर तसाच ठेवा. सकाळी लेन्स काढा, मागचे झाकण उघडा, खिडकीतल्या उजळ आकाशाकडे कॅमेरा धरा आणि पाठीमागून फूटभर अंतरावरून पाहत १/१००० वर शटर सोडा. चौकट क्षणभर पूर्ण उजळलेली दिसली पाहिजे. पहिल्याच वेळी डावी कड किती काळी राहते ते नीट पाहून ठेवा. मग सलग वीस-पंचवीस वेळा शटर चालवा आणि पुन्हा पाहा. काळी कड आकसली, तर दोष वंगणाचा आहे, कारण हालचालीने आणि घर्षणाच्या उबेने ते सैल होते. थकलेली स्प्रिंग व्यायामाने तरुण होत नाही. तिच्यामुळे आलेला दोष पहिल्या वेळी जेवढा, तेवढाच पंचविसाव्या वेळी दिसतो.

१ सेकंदाला लागणारा जादा वेळ हाही त्याच निदानाकडे बोट दाखवतो. सावकाश वेगांसाठी एक वेगळी दातेरी चाकांची साखळी असते, घड्याळातल्यासारखी, आणि दुसऱ्या पडद्याला सोडण्यास ती उशीर करते. तिच्यात चिकटा साचला, की ती रेंगाळते. एकाच कॅमेऱ्यात ही साखळीही रेंगाळते आणि पडदाही रेंगाळतो, तेव्हा दोघांचे दुखणे बहुधा एकच असते.

धागाकर्ता

आपण सांगितलेली चाचणी आज सकाळी केली. पहिल्या वेळी चौकटीचा डावीकडचा चौथा हिस्सा अंधारात राहिला. पंचविसाव्या वेळेपर्यंत तो आकसून बोटभर उरला. पत्नीलाही दाखवले, म्हणजे माझा भास नव्हे याची खात्री झाली. तासाभराने पुन्हा पाहिले तेव्हा अंधार परत थोडा वाढलेला होता.

आता हे डोळ्यांच्या अंदाजाने न सोडता मोजता येईल का?

प्रतिसाद ४

नक्की येईल, आणि त्यासाठी फार खर्च नाही. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करतो आणि माझ्या तीन जुन्या कॅमेऱ्यांसाठी मोजणी-यंत्र घरी बनवले आहे.

आधी कशाने मोजू नये ते सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचा वेळ जातो. फोनवर प्रति सेकंद २४० चित्रांचा संथ व्हिडिओ घेता येतो. त्यात दोन चित्रांमधले अंतर ४ मिलिसेकंदांहून थोडे जास्त पडते, म्हणजे १ सेकंदापासून १/३० पर्यंतचे वेग त्यावर बऱ्यापैकी तपासता येतात, पण १/१००० म्हणजे अवघा १ मिलिसेकंद. तो दोन चित्रांच्या फटीतूनच निसटून जातो. आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचा आलेख पाहण्याची पद्धतही सावकाश वेगांनाच चालते, कारण जलद वेगांवर पडद्याच्या आवाजात लेन्समागच्या, फोटो घेताना वर उचलल्या जाणाऱ्या आरशाचा खटका मिसळतो. प्रकाशानुसार रोध बदलणारा जो स्वस्त एलडीआर मिळतो तो तर अजिबात वापरू नका, त्याला प्रतिसाद द्यायलाच कित्येक मिलिसेकंद लागतात.

प्रकाशाला झटपट प्रतिसाद देणारा फोटोट्रान्झिस्टर वापरा. दोन घ्या, एकमेकांपासून ३२ मिलिमीटर अंतरावर काळ्या पुठ्ठ्यात बसवा, आणि प्रत्येकासमोर १ मिलिमीटरपेक्षा मोठे भोक ठेवू नका. समोरून उजेडासाठी दोन लेझर पॉइंटर किंवा एक प्रखर एलईडी चालते. लेझर असेल तर किरणाच्या रेषेत डोळा आणू नका. मिळणारा संकेत आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट-बोर्डाला) द्या, त्याचे घड्याळ ४ मायक्रोसेकंदांपर्यंत मोजते, आपल्याला तेवढे पुष्कळ झाले.

भोक लहान का हवे, ते समजण्यासाठी एक हिशेब करून पाहा. पडद्याला ३६ मिलिमीटरची चौकट ओलांडायला साधारण १२ ते १४ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर १ मिलिसेकंदात तो अडीच ते तीन मिलिमीटर सरकतो. म्हणजे १/१००० वर संपूर्ण फिल्म एकदम कधीच उघडी नसते. दोन पडद्यांमधली अडीच-तीन मिलिमीटरची फट फिल्मवरून झाडू मारल्यासारखी फिरते. सेन्सरचे तोंडच पाच मिलिमीटर असेल, तर त्यातून ही फट मोजणार कशी?

तुम्हाला चार आकडे मिळतील: सुरुवातीच्या कडेला किती वेळ प्रकाश पडला, शेवटच्या कडेला किती वेळ पडला, आणि दोन सेन्सरांमधले अंतर कापायला पहिल्या व दुसऱ्या पडद्याला किती वेळ लागला. खरी माहिती शेवटच्या दोन आकड्यांत असते.

प्रतिसाद ५

घरात पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही असेल तर तोही फार कामाचा आहे. आपल्याकडच्या पद्धतीत ट्यूबमधला किरण सेकंदाला १५,६२५ आडव्या रेघा काढतो, म्हणजे एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद. अंधाऱ्या खोलीत, लेन्स काढलेल्या आणि झाकण उघडलेल्या कॅमेऱ्यातून टीव्हीच्या कोऱ्या पडद्याकडे पाहत १/१००० वर शटर सोडले की एक तिरपा उजळ पट्टा दिसतो. पट्ट्याची जाडी साधारण १५-१६ रेघांची असावी, १/५०० ला त्याच्या दुप्पट. रेघा मोजणे डोळ्यांना कठीण जाते, पण पट्टा एका टोकाकडे निमुळता होतो की नाही हे पहिल्या नजरेत कळते, आणि निमुळता झाला तर पडद्यांच्या वेगांत फरक आहे. माझ्याकडचा टीव्ही मी केवळ याच कामासाठी ठेवला आहे.

धागाकर्ता

यंत्र बनवायला दोन रविवार गेले. प्रतिसाद ४ च्या लेखकांनी व्यक्तिगत निरोपातून जोडणीतली एक चूक दाखवून दिली, त्यांचे मनापासून आभार. पंचवीस वेळा शटर चालवून झाल्यानंतर घेतलेले आकडे देतो, प्रत्येक आकडा दहा मोजण्यांची सरासरी आहे.

१/१००० वर सुरुवातीच्या कडेला १.२ मिलिसेकंद आणि शेवटच्या कडेला ०.१. पहिल्या पडद्याला सेन्सरांमधले अंतर कापायला १४.६ मिलिसेकंद लागले, दुसऱ्याला १३.५. मग उत्सुकतेने इतर वेगही मोजले. १/५०० वर सुरुवातीला २.२, शेवटी १.१. १/२५० वर ४.२ आणि ३.१. १/१२५ वर ८.१ आणि ७.०.

हे आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले तेव्हा मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उलगडा झाला. प्रत्येक वेगावर फरक तोच आहे, १.१ मिलिसेकंद. पहिला पडदा दुसऱ्यापेक्षा तेवढाच मागे पडतो, मग डायल कुठेही असो. १/१२५ वर ८ मधून १ गेला तर फोटोत कळत नाही. १/५०० वर निम्मा प्रकाश गेला, म्हणजे छायाचित्रणाच्या भाषेत पूर्ण एक स्टॉप. आणि १/१००० वर जवळजवळ सगळाच गेला. घरातले सगळे जुने फोटो नीट का आले होते आणि किनाऱ्यावरच दोष का दिसला, याचे उत्तर मला त्या कागदावर मिळाले. वडील लग्नात फ्लॅश लावून १/६० वर फोटो काढत. हा दोष तेव्हाही थोडाफार असेल, तरी तो दिसणे शक्यच नव्हते.

प्रतिसाद ३

फार छान काम केलेत. आकडे निदानाशी तंतोतंत जुळतात. सामान्यतः दोन्ही पडद्यांची वेळ एकमेकांच्या अगदी जवळ असायला हवी. तुमचे दोन्ही पडदे थोडे सावकाश आहेत, पहिला जास्त. ताणाला हात न लावता सफाई करा आणि पुन्हा मोजा. पद्धत सांगतो.

सेल आणि लेन्स काढून ठेवा. तळपट्टीच्या स्क्रूंसाठी नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर वापरू नका. जपानी कॅमेऱ्यांतल्या स्क्रूंची खाच थोडी वेगळी असते, तिच्यासाठी जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचा ड्रायव्हर मिळतो. फिलिप्सने खाच खरवडली जाते आणि स्क्रू कायमचा अडकतो. पट्टी काढल्यावर रोलरांचे खालचे धुरे दिसतील. लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल एका वाटीत थोडे घ्या, शून्य नंबरच्या ब्रशचे टोक त्यात बुडवा, टिश्यूवर टेकवून जवळजवळ कोरडे करा आणि मगच धुऱ्याला लावा. पडद्याच्या कापडाला ते लागता कामा नये, कारण पडदे आणि फिती ज्याने चिकटवलेल्या असतात तो रबरी डिंक या पेट्रोलने सुटतो. वीस-तीस वेळा शटर चालवा, वर आलेला मळ टिपून घ्या, पुन्हा लावा. टिश्यूवर तपकिरी डाग पडायचा थांबेपर्यंत हे करत राहा.

पूर्ण वाळल्यावर घड्याळाचे तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढेच. शिवणयंत्राचे तेल नको आणि गंज सोडवण्याचा फवारा तर मुळीच नको. एका गृहस्थांनी माझ्याकडे असाच फवारा मारलेला कॅमेरा आणला होता. पहिले आठ दिवस तो नव्यासारखा चालला असे ते सांगत होते. माझ्याकडे आला तेव्हा तेल पडद्यांवर, आरशावर आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेवर पसरलेले होते, आणि दोन्ही पडदे एकमेकांना चिकटून आले होते. ते पडदे बदलावेच लागले.

वरच्या धुऱ्यांसाठी वरची टोपी काढावी लागते. तिथे वेगाची डायल, फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर आणि मीटरच्या बारीक तारा आहेत. पहिल्यांदाच कॅमेरा उघडत असाल तर तो भाग जाणत्या कारागिराकडून करून घ्या. आपण कुठे थांबायचे हे आधी ठरवले की कॅमेरा वाचतो.

प्रतिसाद २

मी दिलेला सल्ला अपुरा होता हे मान्य करतो. या चर्चेनंतर माझा झेनित पुन्हा तपासला. ताण वाढवल्यावर उजवी काळी कड गेली होती, पण आता एका कडेला बारीक उजळ पट्टी येते. ती फिल्मची खराबी असेल असे मी समजत होतो.

प्रतिसाद ६

रत्नागिरीहून लिहितो. माझ्याकडे स्पॉटमॅटिक आहे, के-१००० च्याच घराण्यातला, १९६४ पासून निघालेल्या मालिकेतला. त्याच्या शटरचा दोष वेगळा वाटतो: फोटो घेतल्यावर आरसा वरच अडकून राहतो आणि व्ह्यूफाइंडर काळा पडतो. लिव्हर ओढली की आरसा खाली येतो. दहातून सहा-सात वेळा असे होते, जलद वेगांवर जास्त. आरशाची यंत्रणा बिघडली असावी का?

प्रतिसाद ३

बहुधा नाही. या कॅमेऱ्यांत आरशाला खाली सोडणारा खटका दुसरा पडदा धाव पूर्ण करताना दाबतो. पडदा शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये दमला, तर खटका दाबला जात नाही आणि आरसा वरच राहतो. आरसा अडकलेला असताना मागचे झाकण उघडून दुसऱ्या पडद्याची कड पूर्ण पोहोचली आहे का ते पाहा. बोटाच्या टोकाने नव्हे, तर मऊ ब्रशने त्या कडेला अगदी हलके पुढे सारा. आरसा लगेच पडला, तर दोष दुसऱ्या पडद्याचा आहे आणि उपाय हीच सफाई.

आणखी एक पाहा. आरसा जिथे वर जाऊन टेकतो तिथे काळ्या फोमची पट्टी असते. ती जुनी झाली की डांबरासारखी चिकट होते आणि आरशाला धरून ठेवते. बोटाला काळे लागले तर तो फोम आधी काढा. काढताना आरशावर कागद धरा. या आरशाचा चांदीसारखा थर वरच्याच पृष्ठावर असतो आणि पुसायला गेले तरी ओरखडतो.

प्रतिसाद ७

धाग्याच्या विषयाला धरूनच एक शंका. माझ्या यशिका मॅट कॅमेऱ्यामध्ये शटरची पाती अर्धवट उघडून थांबतात. तिथेही हीच पद्धत लागू पडेल का?

प्रतिसाद ४

यशिका मॅटचे शटर लेन्सच्या मध्ये बसवलेले, पातळ पोलादी पात्यांचे आहे. त्यात पडदे नाहीत, त्यामुळे एक बाजू काळी पडण्याचा दोष तिथे येत नाही. तिथे दोष येतो तो पात्यांवर तेलाचा पापुद्रा पसरल्यामुळे. पाती एकमेकांना चिकटतात. ती पूर्ण कोरडीच चालायला हवीत, साफ केल्यानंतर त्यांना तेलाचा थेंबही लावायचा नाही. शटर मोकळे होईपर्यंत स्वयंचलित टायमरची कळ मात्र दाबू नका. ती अडकली की संपूर्ण शटरच अडकते.

धागाकर्ता

सफाईचा वृत्तांत देतो. तळाचे काम मी स्वतः केले. पांढऱ्या टॉवेलवर कॅमेरा ठेवला, स्क्रू बर्फाच्या ट्रेच्या खणांत काढलेल्या क्रमाने टाकले आणि प्रत्येक टप्प्याचा फोनवर फोटो घेतला. पहिल्या पडद्याच्या धुऱ्याभोवती गडद मधाच्या रंगाचे एक वर्तुळ होते. ब्रश टेकवताच ते विरघळले नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते सुटून टिश्यूवर आले, आणि त्यात एक बारीक तंतू होता, बहुधा कॅमेऱ्याच्या जुन्या पिशवीच्या अस्तराचा. त्यानंतर शटरचा आवाज बदलला. आधी तो थोडा ओढल्यासारखा येत होता, आता तुटक आणि कोरडा येतो.

वरच्या भागासाठी मी मुंबईत फोर्टमधल्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. त्यांनी मला समोर बसून पाहू दिले, हे त्यांचे मोठेपण. वरचे धुरे आणि सावकाश वेगांची चाके साफ करायला त्यांना अडीच तास लागले. माझ्या आकड्यांचा कागद त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताण आहे तसा राहू दे, आधी बघू." मी काही बोलायच्या आतच त्यांनी ते म्हटले.

घरी येऊन मोजले. पहिला पडदा १३.० मिलिसेकंद, दुसरा १२.८. १/१००० वर सुरुवातीला १.१, शेवटी ०.९. १ सेकंदाला आधी सुमारे १.४ सेकंद लागत होते, आता १.०५ लागतात. रात्रभर ठेवून सकाळी पहिल्याच वेळी मोजले तेव्हाही आकडे फारसे हलले नाहीत. स्प्रिंगच्या ताणाला कोणीही हात लावलेला नाही.

प्रतिसाद ३

१.१ आणि ०.९ म्हणजे पाव ते एक तृतीयांश स्टॉपचा फरक. कृष्णधवल फिल्मवर तो ओळखू येणार नाही. इथेच थांबा. काम झाल्यावर कॅमेरा ठेवताना शटर सुटलेले असू द्या, लिव्हर ओढलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर दहा-दहा वेळा चालवा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका. चामडे ओल धरते आणि लेन्सला बुरशी लागते.

आणि एक राहिले: अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या बाजूने टॉर्च धरून पडद्यांना टाचणीएवढी छिद्रे नाहीत ना, ते पाहा. शटर सुटलेले असताना एकदा आणि लिव्हर ओढून एकदा, कारण दोन्ही वेळी फिल्मसमोर वेगवेगळा पडदा असतो.

धागाकर्ता

टॉर्चची चाचणी केली. पहिल्या पडद्यावर एकही छिद्र नाही. दुसऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चमकता ठिपका दिसला, तो फिल्मच्या चौकटीबाहेर आहे, त्यामुळे तूर्त त्याला हात लावत नाही.

काल त्याच ठिकाणी, साधारण त्याच वेळी, ओहोटीत पुन्हा गेलो. संपूर्ण रोल १/१००० आणि १/५०० वरच काढला. आज तो धुऊन आला. दीपस्तंभाचा उभा फोटो पहिल्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. या वेळी वरचे आकाश कडेपर्यंत एकसारखे करडे आहे आणि त्यात एक घार आहे. पहिल्या फोटोतही तिथे काही होते का, हे कधीच कळणार नाही.

प्रतिसाद ६

रत्नागिरीहून पुन्हा. आरसा अडकलेला असताना झाकण उघडून पाहिले. दुसरा पडदा खरोखरच केसभर अलीकडे थांबला होता आणि ब्रशने सारताच आरसा पडला. फोमची पट्टीही चिकट होती, ती काढली. आज दुपारी खालचे धुरे वर लिहिल्याप्रमाणे तीन वेळा साफ केले. वाळल्यावर १/१००० वर दहा वेळा शटर सोडले. दहाही वेळा आरसा खाली आला.